वाचक विचारतात : हेवी मेटलच्या ग्रुपचा मॅस्कॉट कसा घडवायचा?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच विषयाचे आहेत. ऑनलाइन जमलेल्या मेटलप्रेमींना (हेवी मेटल म्हणजे जोरकस रॉक संगीत) आपल्या ग्रुपसाठी एक चेहरा, म्हणजे मॅस्कॉट, हवा आहे, आणि तो काढताना, छापताना, चित्रकाराशी व्यवहार करताना अडचणी येत आहेत.

प्रश्न : आमच्या डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप) ग्रुपसाठी कवटी, मागे फुलीसारख्या दोन गिटारी आणि भोवती ज्वाळा असं चित्र केलं. लॅपटॉपवर झकास दिसतं, पण मोबाइलवर आयकॉन म्हणून लावलं की नुसता करडा गोळा होतो. चित्र तर 512 पिक्सेलचं, नीट आहे. मग चुकतं कुठे? (नाशिक)

चूक हिशोबाची आहे. डिस्कॉर्डच्या बाजूच्या पट्टीत आयकॉन साधारण 48 पिक्सेलचा दिसतो. 512 च्या चित्रात तुम्ही 5 पिक्सेलची रेघ मारली असेल, तर तिथे ती अर्ध्या पिक्सेलपेक्षाही बारीक होते. अर्धा पिक्सेल दाखवता येत नाही, म्हणून स्क्रीन ती रेघ आजूबाजूच्या रंगात मिसळून करडी करते. कवटीचे दात, गिटारीच्या तारा, ज्वाळांची टोकं सगळं त्या करड्यात जातं. 48 वर दीड पिक्सेलची रेघ टिकवायची तर 512 वर ती किमान 16 पिक्सेलची हवी. एवढ्या जाड रेघेने तुमचं चित्र काढून पाहा, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते आपोआप कळेल.

पण रेघा जाड केल्या तरी दुसरा दोष उरतोच. कवटी, फुली आणि ज्वाळा यांची बाह्याकृती शेकडो बँडच्या टी-शर्टवर असते तशीच आहे. ती ओळखीची वाटते, पण तुमची म्हणून ओळखू येत नाही.

म्हणून पुन्हा कागदापासून सुरुवात करा. पाठकोऱ्या कागदावर 4 बाय 4 सेंमीच्या वीस चौकटी आखा आणि जाड काळ्या मार्करने प्रत्येकीत एक आकृती पूर्ण भरून काढा. डोळे, दात, सावल्या काहीच नाही, फक्त सावली पडल्यासारखा काळा आकार. पहिल्या सहा-सात चौकटींत पाहिलेल्या कव्हरांचीच नक्कल उतरते, ती उतरू द्या. पुढच्या चौकटींत हात मोकळा होतो. त्यातल्या तीन निवडा, फोटो काढून 48 पिक्सेलवर आणा आणि ग्रुपबाहेरच्या कुणाला तरी दाखवा. त्याने दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढून दाखवलेला आकार मूळ आकाराशी जुळला, तर ती आकृती ठेवायची.

मग तीन खुणा कायमच्या ठरवा: एक बाह्याकृतीत (तुटलेलं शिंग, वाकलेला खांदा), एक चेहऱ्यात, आणि एक रंगाची किंवा धातूची. या तीन कधीच बदलायच्या नाहीत. बाकी सगळं चित्रकाराच्या मर्जीवर सोडता येतं. शेवटी मॉडेल शीट करा. समोरून, बाजूने, पाऊण आणि पाठमोरी अशा चार बाजू, शिंगांची लांबी डोक्याच्या मापात, काळा सोडून जास्तीत जास्त चार रंग आणि त्यांचे हेक्स कोड (संगणकावरचे रंगांचे क्रमांक). हे पान नसेल तर तिसऱ्या चित्रकाराच्या हातात प्राणीच बदलतो. ज्वाळा आणि गिटारी पोस्टरसाठी राखून ठेवा, आयकॉनमध्ये फक्त डोकं घ्या. आयकॉनच्या कडा गोलाकार कापल्या जातात, त्यामुळे चारही कोपरे रिकामे ठेवा.

प्रश्न : आयर्न मेडनच्या एडीला कोल्हापुरी फेटा बांधून मॅस्कॉट केला तर चालेल का? नफा कमवायचा नाही, फक्त प्रेम आहे. (कोल्हापूर)

नाही. एडी हा आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा मॅस्कॉट, म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता आहे आणि फेट्याने ती तुमची होत नाही. नफा नसला तरी नाही. त्यातून तुमच्या ग्रुपची ओळखही बनणार नाही, कारण पाहणारा आधी मेडन म्हणेल.

त्या बँडकडून उचलायची ती पद्धत. एडीचा जन्म स्टेजवरच्या मुखवट्यातून झाला. ड्रमरच्या मागे टांगलेला एक चेहरा, आणि माशांच्या टाकीच्या पंपाने त्याच्या तोंडातून सोडलेलं खोटं रक्त. ‘हेड’चा लंडनच्या बोलीतला उच्चार ‘एड’, त्यावरून एडी. 1980 च्या पहिल्या अल्बमवरचं चित्रकार डेरेक रिग्जचं चित्र त्याने आधी बँडसाठी काढलेलंच नव्हतं, बँडने त्यात केस वाढवून घेतले. अल्बमआधी आलेल्या सिंगलच्या (सुट्या गाण्याच्या तबकडीच्या) कव्हरवर त्याचा चेहरा मुद्दाम अंधारात ठेवला होता. पुढे 1983 मध्ये त्याचे केस गेले आणि कपाळ शस्त्रक्रियेने उघडलं, 1984 मध्ये तो इजिप्तचा फॅरो झाला, 1986 मध्ये यंत्रमानव. 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत सुरू झालेल्या दौऱ्यात स्टेजवर चालणारा एडी यंत्रमानवाचा होता आणि मागून उभा राहणारा ममीचा, तरीही कुणाचा गोंधळ झाला नाही. कातडी ओढलेला तो चेहरा आणि दातांची ती ठेवण तेवढी कायम राहिली.

मेगाडेथ या बँडच्या मॅस्कॉटची, विक रॅटलहेडची, गोष्ट वेगळी. तिथे चेहऱ्याआधी कल्पना आली. डोळ्यांवर रिव्हेट मारलेली धातूची पट्टी, कानांवर धातूची झाकणं, तोंड जखडलेलं. आपल्याला गांधीजींच्या तीन माकडांमुळे माहीत असलेलं सूत्र इथे मुस्कटदाबीचं चित्र होऊन येतं. मोटरहेड बँडच्या स्नॅगलटूथ या मॅस्कॉटमध्ये (1977, चित्रकार जो पेटाग्नो) गोरिला, लांडगा आणि कुत्रा यांच्या कवट्या एकत्र आल्या आणि त्यांना रानडुकराचे सुळे लावले. त्यामुळे तो कुठल्याच प्राण्याचा राहिला नाही. मुखवटा, कल्पना किंवा संकर, या तीनपैकी एक वाट धरा.

प्रश्न : आम्हाला अस्सल इथला मॅस्कॉट हवा आहे. सर्वांचं मत ‘वेताळ’. कवटी, तलवार, उघडं अंग, मेटलला अगदी साजेसं! तुमचं काय मत? (सावंतवाडी)

तुमच्या ग्रुपमध्ये गोव्याचे सभासद असतील तर त्यांना आधी विचारा. दक्षिण कोकण आणि गोव्यात वेताळ भुतांचा राजा तर आहेच, पण गावाचा राखणदार म्हणून पूजला जाणारा देवही आहे. गोव्यातल्या आमोण्यात आणि लोलयेत बेताळाची (वेताळाचं तिकडचं नाव) देवस्थानं आहेत. तुम्ही टी-शर्टवर जे छापाल ते कुणाच्या तरी घरचं दैवत असेल. हाच विचार पालघरकडच्या बोहाड्याच्या (मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवाच्या) मुखवट्यांबाबत करा, तेही पूजेचे असतात. महापुरुषांचा वेष, जिरेटोप, देवांची आयुधं यांपासून लांबच राहावं. भारतीय न्याय संहितेचं कलम 299 मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. तुमचा तसा हेतू नसला तरी खुलासे करत बसण्यात ग्रुप थकून जाईल.

आमच्या मते चकवा जास्त कसदार आहे. तो वाट चुकवतो, माणसाला रात्रभर त्याच माळावर फिरवतो, एवढंच लोक सांगतात. त्याला ठरलेलं रूप नाही, म्हणून रूप देण्याचं पूर्ण स्वातंत्र्य तुम्हाला आहे. आणि तुम्ही सावंतवाडीचे आहात, तेव्हा बाह्याकृती तुमच्या दारातच आहे: इरलं. भातलावणीला पाठीवर घ्यायचं बांबूचं आणि पानांचं ते कवच वाकलेल्या माणसावर ठेवा. मागून ते एखाद्या प्रचंड कीटकाच्या पाठीसारखं दिसतं. पानं कुजवून टाका, बांबूच्या कामट्या फाटून बाहेर काढा. मेटलला लागणारे काटे तिथूनच निघतात, चामड्याच्या पट्ट्यावरचे उसने घ्यावे लागत नाहीत. इरल्याखाली चेहऱ्याऐवजी अंधार आणि त्यात एकच उजेडाचा ठिपका. हा आकार 48 पिक्सेलवरही हरवणार नाही. घाटावरचा ग्रुप असता तर घोंगडीच्या खोळीचा टोकदार आकार सुचवला असता, फक्त हातात विळा देऊ नये, नाहीतर तो नेहमीचा यमदूत होऊन बसतो.

प्राणीच हवा असेल तर आपल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ बघा. सिंहासारखं अंग आणि पंजात पकडलेले हत्ती. पुराणात शरभ शिवाचं रूपही आहे, म्हणून नरसिंहाबरोबरचा प्रसंग टाळा आणि दरवाजावरचा पशू तेवढा घ्या. हत्तींच्या जागी अँप्लिफायर ठेवण्याचा मोह होईल. तो आवरा, दोन वर्षांत त्याचा कंटाळा येतो.

प्रश्न : ‘भडाग्नी’ हे ग्रुपचं नाव काटेरी मेटल अक्षरांत, मॅस्कॉटच्या खाली हवं आहे. इंग्रजी लोगोंसारखं करायला गेलो तर कुणालाच वाचता येत नाही. (ठाणे)

इंग्रजी मेटल लोगोत पहिलं आणि शेवटचं अक्षर मोठं करून दोन्ही बाजू सारख्या करतात. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते, त्यामुळे शिरोरेषेचं पातं करा आणि अक्षरांची टोकं मुळांसारखी खाली सोडा. मात्र पातं सलग ओढलंत की घात होतो. भ आणि ध यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, तीच त्यांची ओळख. ती जोडली की भ चा म होतो आणि ध चा घ. तुमचं नाव ‘मडाग्नी’ वाचलं जाईल. ती फट अक्षराच्या रेघेइतकी रुंद ठेवा. तसंच पोटातून आडवा काटा गेला की व चा ब होतो आणि प चा ष. अक्षरांच्या वर सुटे काटे ठेवू नका, ते अनुस्वार वाटतात.

‘ग्नी’ची वेलांटी आणि काना मिळून उजवीकडे मोठं शिंग तयार होतं. त्याच्या तोलाचं शिंग डावीकडे भ च्या सुरुवातीच्या गाठीतून वर काढा. आधी साध्या जाड अक्षरांत शब्द लिहा, त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून काटे वाढवा आणि दर पाच-सहा काट्यांनंतर नाव माहीत नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. तो अडखळला की शेवटचे काटे पुसा.

प्रश्न : काळ्या टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करून पन्नास नग काढले. दातांमधल्या फटी भरल्या, लाल रंग विटकरी दिसतो, आणि काही शर्टांवर पांढरा दोन दिवसांत गुलाबी झाला. छापणाऱ्याने फसवलं का? (मुंबई)

फसवलं असं लक्षणांवरून म्हणता येत नाही. तिन्ही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत.

फटी भरल्या, कारण स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) दाबाने शाई कापडावर पसरते. शाईची रेघ 0.35 मिमी असली तरी चालते, पण दोन रेघांमधली मोकळी फट 0.7 मिमी ठेवावी. दातांची संख्या निम्मी करा, जबडा जास्त भेसूर दिसेल.

लाल मंदावला, कारण तो थेट काळ्यावर पडला. आधी पांढऱ्याचा बेस, तो फ्लॅशखाली (शाई वाळवणाऱ्या हीटरखाली) हाताला न चिकटण्याइतका वाळवून मग लाल, असा क्रम हवा. बेस लालपेक्षा चारही बाजूंनी पाव मिमी आत घ्यायला सांगा, नाहीतर कडेला पांढरी किनार डोकावते. बेससाठी दर सेंटीमीटरला 43 धाग्यांची जाळी आणि बारीक कामासाठी 77 च्या आसपासची, असं साधारण गणित असतं.

पांढरा गुलाबी झाला तो पॉलिस्टरमुळे. मिश्र कापडातला रंग उष्णतेने सुटतो आणि शाईत शिरतो. पूर्ण सुती शर्ट घ्या, किंवा मिश्र कापडासाठी असलेली कमी तापमानावर पिकणारी शाई मागा. नेहमीची प्लास्टिसॉल शाई साधारण 160 अंश सेल्सिअसला पूर्ण जाडीभर पिकावी लागते, कच्ची राहिली तर धुण्यात तडकते. पन्नास छापण्याआधी एक शर्ट छापून पाच वेळा धुवा.

आणखी एक चूक बहुतेकांच्या हातून होते. पांढऱ्या कागदावरचं काळं चित्र काळ्या शर्टासाठी नुसतं उलटं करतात. मग तो फोटोचा निगेटिव्ह होतो, डोळ्यांच्या खोबण्या पांढऱ्या चमकतात आणि कपाळ काळं पडतं. काळ्या शर्टासाठी उजेड काढायचा असतो आणि सावली कापडावर सोडायची असते. काळा रंग शर्टच देतो, त्यामुळे पांढरा आणि एक रंग अशा दोन स्क्रीनमध्ये भारदस्त काम होतं. फाइल छपाईच्या मापात 300 डीपीआयची (दर इंचाला 300 ठिपके) द्या. 30 सेंमी रुंदीला सुमारे 3,540 पिक्सेल लागतात. दहा-पंधराच नग असतील तर डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने शर्टावर चिकटवणं) परवडतं, पण छातीभर सलग रंग असेल तर तो प्लास्टिकच्या तुकड्यासारखा लागतो. मधे मधे कापड मोकळं राहू द्या.

प्रश्न : ग्रुपमधल्याच एका मुलीने मॅस्कॉट फुकट काढून दिला. आता ती ग्रुप सोडून गेली आहे. चित्र कुणाचं? (पुणे)

तिचं. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे निर्मितीचा पहिला मालक निर्माता असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगबाबत कलम 17 मध्ये अपवाद आहे, पण इथे पैसेच दिलेले नाहीत. तिला विनंती करून लेखी करार करा आणि योग्य मोबदला द्या. कलम 19 नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एक वर्ष हक्क वापरला नाही तर तो परत जातो, तसं नको असेल तर तेही करारातच लिहावं लागतं. ‘ग्रुप’ ही कायद्याने व्यक्ती नाही, म्हणून हक्क कुणा एका-दोघांच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावे घ्या. लेयर असलेली मूळ फाइल मिळणार का, हे स्पष्ट करा. आणि चित्राखाली तिचं नाव राहू द्या. कलम 57 प्रमाणे तो तिचा हक्क आहे, आणि मेटलमध्ये कव्हरच्या चित्रकाराला लोक नावाने ओळखतात ही चांगली रीत आहे.

प्रश्न : मॅस्कॉटचे व्हॉट्सॲप स्टिकर कसे करावेत? (पणजी)

512 बाय 512 पिक्सेल, वेबपी फाइल, स्थिर स्टिकर 100 केबीच्या आत, हलता 500 केबीच्या आत, एका पॅकमध्ये 3 ते 30. चारही कडांना 16 पिक्सेल मोकळे सोडा आणि आकृतीला 8 पिक्सेलची पांढरी किनार द्या, नाहीतर काळा मॅस्कॉट डार्क मोडमध्ये गायब होतो. पूर्ण उंचीची आकृती इथे चालत नाही. अंग तीन डोक्यांच्या उंचीत बसवा, हात मोठे करा. आणि पॅकमध्ये ‘हो’, ‘नाही’, ‘उशीर होतोय’, ‘गाणं पाठव’ असे रोज लागणारे भाव घ्या. नुसते आरडाओरडा करणारे तीस चेहरे कुणी दुसऱ्यांदा पाठवत नाही.