वडिलांनी बीपीची गोळी सोडली, पेनकिलर मात्र चालू आहे. किडनीला धोका कशाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील कंबरदुखीसाठी रोज पेनकिलर घेतात. ‘बीपीच्या गोळीने किडनी जाते’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती मात्र त्यांनी बंद केली. आणि पार्ट्यांमध्ये गोळ्या घेणारा तुमचा मित्र म्हणतो, औषधं काय नि ड्रग्ज काय, किडनीच्या दृष्टीने सगळं सारखंच.

मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर आहे. वडिलांचं नेमकं उलटं चाललंय. मित्राचं थोडं खरं आहे, पण त्याला वाटतं त्या कारणासाठी नाही.

आधी हे बघा की तडाखा किडनीलाच का बसतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा या दोन छोट्या अवयवांकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकीचं पुन्हा रक्तात शोषलं जातं. त्यामुळे रक्तात विरळ असलेलं औषध किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये कित्येक पटींनी दाट होऊ शकतं.

आता पेनकिलर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती ही औषधं अडवतात. त्यानेच वेदना आणि सूज उतरते. पण रक्तपुरवठा कमी पडायला लागला की किडनीत रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवण्याचं कामही हीच द्रव्यं करतात. धडधाकट तरुणाने दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही होत नाही, कारण त्याची किडनी तेव्हा त्यांच्यावर विसंबून नसते. वय झालेलं असेल, हृदय कमजोर असेल, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर मात्र तीच गोळी तोच डोस असूनही किडनीचा रक्तपुरवठा तोडते.

त्यात रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिघांचं मिळून भलतंच होतं. लघवीच्या गोळीने पाणी कमी, पेनकिलरने आत येणारी वाहिनी आवळलेली, आणि टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी वाहिनी सैल. गाळण्यासाठी लागणारा दाबच उरत नाही. अशा रुग्णांशी बोलताना बहुतेक वेळा लक्षात येतं की तिसऱ्या गोळीबद्दल त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ‘ती काय, साधी दुखण्याची गोळी’ असंच ऐकायला मिळतं.

मग बीपीची गोळी दोषी नाही का? नाही. न आवरलेलं बीपी हे किडनी निकामी होण्याच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. मधुमेह असलेल्या आणि लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या माणसाला तर टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं आम्ही किडनी वाचवण्यासाठीच देतो. गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, थोडं वर जाऊ शकतं. गाळण्याचा दाब मुद्दाम उतरवलेला असतो, म्हणून. सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतली जाते आणि एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा तपासतात. तेवढा आकडा बघून लोक घाबरतात. शिवाय किडनीच्या बहुतेक रुग्णांना बीपीच्या गोळ्या चालू असतातच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं गोळीनेच घात केला.

पेनकिलरचा जुना इतिहासही फारसा चांगला नाही. फेनासिटिन असलेल्या मिश्र गोळ्या एके काळी सर्रास मिळायच्या. त्या वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांच्या किडन्या आतून झिजतात हे १९५०च्या दशकात आधी स्वित्झर्लंडमध्ये लक्षात आलं. अमेरिकेत ते औषध बाजारातून जायला १९८३ उजाडलं. तीस वर्षं! ठरलेल्या मात्रेतली पॅरासिटामॉल किडनीच्या दृष्टीने बरीच सुरक्षित, पण मात्रा ओलांडली तर ती यकृत जाळते.

बाकी औषधांबद्दल थोडक्यात. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं आणि कॅन्सरचं सिसप्लॅटिन थेट नळ्यांना इजा करतात. पण ती दवाखान्यात, तपासण्या करत दिली जातात, म्हणून मला त्यांची भीती कमी वाटते. ॲसिडिटीच्या ओमेप्रॅझोल-पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी क्वचित ॲलर्जीसारखी सूज येते, तीही महिन्यांनंतर, आणि तोवर त्या गोळीचा संशय कुणालाच येत नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ म्हणणाऱ्यांनी बेल्जियमचं प्रकरण लक्षात ठेवावं. १९९०च्या सुमारास तिथे वजन उतरवण्यासाठी दिलेल्या वनौषधींत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली वनस्पती शिरली आणि अनेक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून आत जातो आणि लघवीतून प्रथिनं गळायला लागतात.

आता तुमचा मित्र. एक्स्टसी म्हणजे एमडीएमए, कोकेन, मेथॅम्फेटामाइन यांचा घाव पुष्कळदा आडून बसतो. अंगाचं तापमान भयंकर चढतं, माणूस तासन्‌तास नाचतो, स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीच्या नळ्यांत अडकतं. लघवी काळपट तपकिरी होते. हेरॉइन घेऊन एकाच कुशीवर बेशुद्ध पडलेल्या माणसाचे दबलेले स्नायूही असेच मरतात. दारूच्या धुंदीतही हे घडतं. ‘भरपूर पाणी पी म्हणजे काही होत नाही’ हा पार्टीतला सल्ला तर अर्धवट ज्ञानाचा नमुना आहे. एमडीएमए घेतल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, आणि वरून लिटरभर पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम कोसळून झटके येऊ शकतात.

केटामाइनचं दुखणं खालून सुरू होतं. मूत्राशय आकसतं, सतत आणि दुखत लघवी लागते, पुढे वरच्या नळ्यांत लघवी तुंबून किडनी फुगते. कोकेनमध्ये जनावरांचं जंताचं औषध लेव्हामिसोल मिसळलेलं सापडलंय, त्याने रक्तवाहिन्यांना सूज येऊन किडनीचे गाळणीगुच्छ खराब होऊ शकतात. कृत्रिम गांजा म्हणून विकल्या जाणाऱ्या रसायनांनी अमेरिकेत २०१२ साली तरण्याताठ्या मुलांच्या किडन्या अचानक बंद पडल्या होत्या. जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनंही याच रांगेतली, फक्त त्यांना कुणी नशा म्हणत नाही.

म्हणजे किडनीला कायदेशीर-बेकायदेशीर कळत नाही, एवढं मित्राचं बरोबर. पण औषधाची मात्रा ठाऊक असते, वाईट लक्षण दिसलं तर ते थांबवता येतं, क्रिएटिनिन तपासता येतं. त्याच्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुखेल तेव्हा बघू, असं मात्र म्हणू नका. अशा इजेत किडनी सहसा दुखत नाही. निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ रकान्यात राहू शकतं, म्हणून वडिलांचे जुने रिपोर्ट शोधा आणि आकडा त्यांच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघा. ०.७ वरून १.१ झालं असेल तर लॅब त्यावर खूण करणार नाही, मी करेन.

या आठवड्यात त्यांचं बीपी मोजा, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन जातंय का ते सांगणारी तपासणी) तपासून घ्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. पेनकिलर आजपासून थांबवा. बीपीची गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. जुलाब-उलट्या झाल्या तर ती आणि लघवीची गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, हेही आताच विचारून ठेवा. मित्राला एवढंच सांगा: लघवी काळपट झाली किंवा मांड्या-पोटऱ्या दगडासारख्या दुखायला लागल्या तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं आणि काय घेतलं ते खरं सांगायचं. सलाईन वेळेत सुरू झालं तर अशी किडनी बऱ्याचदा पुन्हा चालू लागते.