कोकराचा कोणता भाग मंद आचेवर शिजवावा?

प्रश्न: कुरणात चरलेल्या कोकराच्या पाठीचे तुकडे तासन्‌तास मंद आचेवर शिजवले, तरी कोरडेच झाले. कोणता भाग घ्यावा?

उत्तर: पाठ मंद आचेसाठी नव्हेच. त्या स्नायूला काम कमी, त्यामुळे कोलेजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, तेही कमी. तो झटपट भाजावा. तुम्ही खांदा घ्या, हाडासकट. कुरणातलं कोकरू दिवसभर चालतं, मान खाली घालून गवत खुडतं, म्हणून खांदा, मान आणि नळ्यांमध्ये कोलेजन भरपूर असतं. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं हळूहळू मऊ, चिकट जिलेटिन होतं आणि रस्सा बोटांना चिकटू लागतो.

माझी खरी आवड मात्र मान. दिसायला ओबडधोबड म्हणून लोक ती टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. हाडालगतचं इतकं चवदार मांस दुसरीकडे मिळत नाही! आडवे, जाड काप करून घ्या.

कुरणातल्या कोकराला चरबी बहुधा बेताची असते. तेव्हा झाकण घट्ट लावा, थोडं पाणी घाला आणि रस्सा नुसता थरथरेल एवढीच आच ठेवा. खळखळ उकळलं की मांस आक्रसून चिवट होतं. नळ्यांना अडीच-तीन तास लागतात, अख्ख्या खांद्याला त्याहून जास्त. काट्याने मांस हाडापासून अलगद सुटलं की आच बंद करा.