हॅट घातलेला तो सांगाडा ही मेक्सिकोची मृत्यूदेवता आहे का?

तुम्ही विचारलंय की, मेक्सिकन पदार्थांच्या एका हॉटेलात भिंतीवर फुलापिसांची हॅट घातलेली सांगाडा-बाई पाहिली, ती त्यांची मृत्यूदेवता का, आणि असलं अशुभ चित्र कलाकार हौसेनं का काढतात?

देवता अजिबात नाही. ती एक टिंगल आहे, आणि तीही मेलेल्यांची नाही, जिवंत माणसांची.

ती काढली होसे ग्वादालूपे पोसादा या माणसानं. जन्म 1852, गाव अग्वासकालिएंतेस. पुढे लेओन शहरात काम केलं, 1888 मध्ये तिथे मोठा पूर आला आणि हा मेक्सिको सिटीत आला. तिथे आंतोनिओ वानेगास आरोयो नावाच्या प्रकाशकाच्या छापखान्यासाठी तो चित्रं करायचा. आज त्याला 'थोर कलाकार' म्हणतात, पण त्याचं रोजचं काम म्हणजे जॉबवर्क. खून, भूकंप, संतांचे चमत्कार, गाण्यांच्या चोपड्या, खेळांचे पट, गिऱ्हाईक मागेल ते. स्वस्त रंगीत कागदावर छापलेली एकपानी पत्रकं रस्त्यावर काही पैशांत विकली जायची.

2 नोव्हेंबरला मेक्सिकोत गेलेल्या माणसांची आठवण काढतात, त्या मृतांच्या दिवसासाठी अशीच खास पत्रकं निघायची, त्यांना 'कालावेरा' म्हणतात. शब्दाचा अर्थ कवटी. त्यात जिवंत पुढाऱ्यांवर, व्यापाऱ्यांवर ते मेलेच आहेत असं धरून मृत्युलेखाच्या थाटात टवाळ पद्यं असायची, आणि सोबत पोसादाचे सांगाडे. सायकल चालवणारे, दारू पिणारे, घोड्यावर बसून भाला रोखलेला, स्पॅनिश कादंबरीतला खुळा सरदार डॉन किहोते, सगळे हाडांचे. हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासची राजवट होती, वरच्या वर्गात पॅरिसची नक्कल चालायची. अशा काळात श्रीमंताच्या अंगावरचं कातडंच काढून घेतलं की उरतं ते सगळ्यांचं सारखं!

तुम्ही पाहिलेल्या बाईचं मूळ नाव 'कालावेरा गार्बान्सेरा'. गार्बान्सो म्हणजे काबुली चणे. चणे विकणाऱ्या, रक्तानं तिथल्याच मूळ लोकांच्या, पण आपण युरोपियन असल्याचा आव आणणाऱ्या बायकांना हे टोपणनाव होतं. घरात खायची भ्रांत आणि डोक्यावर शहामृगाच्या पिसांची हॅट. मूळ चित्र नीट बघा: तिला धडच नाही! नुसती कवटी, दातांची रांग, रिबिनींचे बो आणि ती अवाढव्य हॅट. म्हणजे मिरवायला हॅट आहे आणि अंगावर काहीच नाही, हा विनोद.

अंग तिला मिळालं पस्तीसेक वर्षांनी. दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकारानं 1947 मध्ये पूर्ण केलेल्या मोठ्या भित्तिचित्रात मेक्सिको सिटीच्या अलामेदा बागेतली रविवारची दुपार रंगवली. त्यात मधोमध ही बाई, लांब पांढरा झगा, गळ्यात बोआ, म्हणजे लांब गळपट्टा, तोही पिसांच्या सापाचा. एका हातात लहानग्या दिएगोचा हात, दुसरीकडे काळ्या सुटातला खुद्द पोसादा, आणि पोराच्या मागे रिव्हेराची चित्रकार बायको फ्रिदा काहलो. 'कात्रिना' हे नावही रिव्हेरामुळे रुळलं. कात्रिन म्हणजे छानछोकी करणारा, त्याचं स्त्रीलिंग. चित्र ज्या हॉटेलात होतं ते 1985 च्या भूकंपात मोडकळीला आलं, चित्र वाचलं आणि आता अलामेदाजवळच त्याचं स्वतंत्र म्युझियम आहे. तुमच्या हॉटेलातली बाई नखशिखान्त असेल तर ती पोसादाची कमी आणि रिव्हेराची जास्त.

मला पोसादाचा नाद लागला तो मात्र छापखान्यामुळे. माझ्या बाबांचा ट्रेडल होता, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. गणपतीचा, कलशाचा झिंक ब्लॉक, म्हणजे जस्ताचा ठसा, लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीला आणायचे, म्हणजे मजकूर आणि चित्र एका दाबात उमटतं. पोसादाचं उत्तरकाळातलं तंत्र नेमकं हेच आहे. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडला दाद न देणाऱ्या शाईनं हातानं सरळ चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा, भोवतालचं खाल्लं जातं, रेघ उंच राहते. घासत, कोरत बसण्यापेक्षा झटपट. म्हणून त्याच्या सांगाड्यांत ती उडती रेघ आहे. नोव्हेंबरच्या आत माल बाजारात गेला पाहिजे, ही घाई त्यात दिसते, आणि मला ती फार आवडते.

आता अशुभाचं. मृतांच्या त्या एकाच दिवसात दोन गोष्टी चालतात आणि आपण बाहेरचे लोक त्यांची खिचडी करतो. घरातली 'ओफ्रेंदा' ही मायेची मांडणी: फोटो, पाणी, मीठ, धूप, हाडांच्या आकाराच्या पट्ट्या लावलेला गोड पाव, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं आणि सेम्पासुचिलच्या पाकळ्यांची वाट. सेम्पासुचिल म्हणजे आपला झेंडू. आपला म्हणतो खरा, पण तो मूळचा तिकडचाच. दसऱ्याला आपण दाराला बांधतो ते मेक्सिकोचं फूल. दुसरीकडे साखरेच्या कवट्या. त्यांच्या कपाळावर बऱ्याचदा नाव असतं ते जिवंत मित्राचं, आणि तो ती हसत खातो. पोसादाचे सांगाडे या दुसऱ्या जातीचे.

पोसादा स्वतः 20 जानेवारी 1913 ला गेला. हॅटवाल्या बाईचं पत्रक त्यानंतर, त्याच वर्षी निघालं. त्याला दोलोरेस स्मशानात सहाव्या दर्जाची फुकटची जागा मिळाली. सात वर्षांनी कुणी हक्क सांगायला आलं नाही तेव्हा हाडं सामाईक खड्ड्यात गेली. त्याचं नाव पुन्हा वर आलं ते 1920 च्या दशकात, जाँ शार्लो या चित्रकारानं त्याचे छाप शोधून त्यावर लिहिलं तेव्हा.

कलाकार हे का काढतात, याचं मी माझ्यापुरतं सांगतो. बाबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी एक लिनोकट केला, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेलं चित्र. ट्रेडलवर पाय, हातात खिळे जुळवायची स्टिक, समोर खिळ्यांची खणाखणांची पेटी, आणि बाबा सांगाडा. आईला दाखवायला दोन महिने धजलो नाही. पितृपक्षात त्यांच्या आवडीची भरली वांगी करणारी बाई, ती हे बघून काय म्हणेल? तिनं कागद उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अरे, चष्मा कुठाय? चष्म्याशिवाय ह्यांना खिळे दिसायचे का?"

लिनोवर एकदा कोरून काढलेलं परत भरता येत नाही. कवटी पांढरी, म्हणजे तिथला लिनो आधीच गेलेला. नवा तुकडा घेतला, पुन्हा सगळं कापलं. चष्मा घातला, डाव्या काडीला त्यांनी गुंडाळलेला दोराही घातला. छापून आईकडे नेला.

"दोरा दुसऱ्या बाजूला होता," ती म्हणाली.

छाप उलटा उमटतो, हे छापखानेवाल्याचा मुलगा विसरला होता.