बस की गाडी ते नंतर. आधी पॉलिसी परत करा

डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडं संक्षिप्त करून देते:

"मी ६६ वर्षांचा, पत्नी ६३. डिसेंबरात गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला असा किनारा बघायचा आहे. दादरहून निघणारी बसची सहल ६ दिवसांची, माणशी २१,५०० अधिक जीएसटी. अर्टिगा ठरवली तर १४ रुपये किलोमीटर, रोजचे किमान ३०० किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता ५००. शेजारचा मुलगा स्वतःची गाडी ९ रुपयांनी देतो म्हणतो. पत्नीला गुडघेदुखी आहे. कोणता पर्याय परवडेल? पैशाची तशी अडचण नाही. सप्टेंबरात २० लाखांची एफडी संपली, तेव्हा बँकेतल्या मॅडमनी ती रक्कम विम्याच्या गॅरंटीड इन्कम योजनेत वळवली. वर्षाला ४ लाख, ५ वर्षं भरायचे. एक हप्ता गेला, उरलेले १६ लाख पुढच्या हप्त्यांसाठी बचत खात्यातच ठेवायला सांगितलेत. पहिल्या वर्षापासून ४० हजार बोनस, तोही टॅक्स-फ्री, आणि २० वर्षांनी ३० लाख. दरवर्षीची सहल त्या ४० हजारांत फुकट होईल. पॉलिसीचे कागद २४ सप्टेंबरला आले. बाकी १४ लाख एफडीत, पेन्शन २,८०० रुपये, घर स्वतःचं, महिन्याचा खर्च २५ हजार."

काका, तुम्ही विचारलंत सहलीबद्दल आणि तिचं उत्तर मी देणार आहे. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट २४ सप्टेंबर ही तारीख आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन किंवा न देऊन परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मी हे १५ ऑक्टोबरला लिहितेय आणि छापून येईपर्यंत मुदत उलटू नये म्हणून तुम्हाला आजच ई-मेलनेही पाठवलंय. हातात नऊ दिवस आहेत, त्यात सुट्ट्या आहेत. पॉलिसी आधी ई-मेलवर आली असेल तर कंपनी दिवस तेव्हापासून मोजू शकते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. उद्याच जा.

जायचं कुठे, तर विमा कंपनीच्या शाखेत. बँकेत नाही. बँक ही फक्त विक्रेती आहे. बँकेत गेलात तर मॅडम चहा देतील, मॅनेजरना बोलावतील, "थोडं थांबा, वरच्यांशी बोलते" म्हणतील आणि चार दिवस निघून जातील. साध्या कागदावर लिहा: पॉलिसी क्रमांक अमुक, फ्री-लूकमध्ये रद्द करावी, रक्कम माझ्या या खात्यात जमा करावी. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. पोच म्हणून तारखेचा शिक्का घ्या. तोच अर्ज त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ई-मेलवरही पाठवा. किरकोळ मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीची रक्कम परत मिळते. त्यानंतर बँकेत जाऊन पुढच्या हप्त्यांसाठी दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी रद्द करा.

"पण योजना चांगली आहे, हमी आहे" असं तुम्हाला वाटत असणार, म्हणून हिशेब मांडते.

तुम्ही पाच वर्षांत २० लाख भरणार. वर्षाला ४० हजार, २० वर्षं, म्हणजे ८ लाख. शेवटी ३० लाख. एकूण ३८ लाख ऐकायला मोठे वाटतात. कोणता पैसा कोणत्या वर्षी गेला आणि कोणत्या वर्षी आला हे धरून परतावा काढला तर तो वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो. तुमची संपलेली एफडी याहून जास्त देत असणार. ३० लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ८६ वर्षांचे असाल, आणि महागाई ६ टक्के धरली तर त्या ३० लाखांत आजच्या सव्वानऊ-साडेनऊ लाखांइतकंच सामान येईल. शिवाय, त्या आकड्यातला किती भाग हमीचा आणि किती "अपेक्षित" बोनसचा, हे तुमच्या सहीच्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कोणत्या वर्षी किती मिळणार त्याच्या तक्त्यात, दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलेलं असतं. तो कागद काढून बघा. पत्रात तुम्ही बोनस लिहिलाय आणि योजनेचं नाव गॅरंटीड सांगताय. बोनस म्हटलं की सहसा त्याची हमी नसते.

तो पहिल्या वर्षीचा ४० हजारांचा "बोनस" तर मला फार खटकतो. तुम्ही ४ लाख दिलेत, त्यातला दहावा भाग तुम्हालाच परत मिळतोय. त्यात फुकट काही नाही.

आता दुसरी बाजू. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. व्याज सध्या ८.२ टक्के, सरकारी हमी, ५ वर्षांसाठी दर बांधलेला, मर्यादा ३० लाख. तुमचे २० लाख तिथे ठेवले तर वर्षाला १ लाख ६४ हजार. ते दर तिमाहीला मिळतात, म्हणजे तीन महिन्यांनी ४१ हजार. तिकडे वर्षभराचे ४० हजार, इकडे एका तिमाहीचे ४१ हजार. आणि अडचण आली तर दंड भरून मुदतीआधी पैसे काढताही येतात.

टॅक्स-फ्रीचं आमिष तुमच्यासारख्याला दाखवणं हे मला चुकीचं वाटतं. तुमची पेन्शन, एफडीचं व्याज आणि या योजनेचं व्याज सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत-बाहेर. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. जो कर तुम्हाला भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी तुम्हाला २० वर्षं अडकवलंय. बँकेत आणि पोस्टात टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, कापू नये म्हणून दर एप्रिलला फॉर्म भरून द्या, एवढंच काम आहे.

काका, घरखर्चाचा मेळही बसत नाहीये, आणि हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. खर्च वर्षाला ३ लाख. पेन्शन सुमारे ३४ हजार. १४ लाखांच्या एफडीचं व्याज ९८ हजार धरू. त्यात पॉलिसीचे ४० हजार. झाले १ लाख ७२ हजार. यंदा बचत खात्यातल्या १६ लाखांवर अडीच-तीन टक्क्यांनी थोडं व्याज येईल, पण दरवर्षी ४ लाख जात गेले की तेही संपेल. म्हणजे पुढे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त तूट, आणि ती भरायला हाताशी फक्त त्या १४ लाखांच्या एफडी. महागाई आणि काकूंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया धरली तर ते १४ लाख दहा वर्षंही पुरायचे नाहीत. "पैशाची अडचण नाही" हे आज खरं आहे. या योजनेत राहिलात तर पंच्याहत्तरीत खरं राहणार नाही.

पैसे परत आले की २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, खातं काकूंबरोबर संयुक्त. उत्पन्न होईल पेन्शन ३४, एफडी ९८ आणि हे १६४ हजार, म्हणजे जवळजवळ ३ लाख. खर्च भागला. जुन्या एफडी संपतील तशा त्यातले आणखी १० लाखही तिथेच वळवा; उरलेले ४ लाख साध्या एफडीत आजारपणासाठी राहू द्या. यातल्या कशालाही "गुंतवणूक आणि विमा दोन्ही" असं नाव नसेल याची काळजी घ्या. तुमच्या पगारावर आज कोणी अवलंबून नाही, तुम्हाला आयुर्विम्याची गरजच नाही.

समजा कंपनीनं अर्ज नाकारला किंवा मुदत गेली असं सांगितलं, तर लेखी उत्तर मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तेही जमलं नाही तरी दुसरा हप्ता भरू नका. २०२४च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमांनुसार नव्या पॉलिसीत एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर वर्ष पूर्ण झाल्यावर सोडताना काही रक्कम मिळते. चार लाखांतले काही गेले तरी सोळा लाख वाचतील. "आता एक भरलाच आहे तर पूर्ण करू" हा विचार मनात येईल. येऊ देऊ नका.

आता सहल.

बसच्या सहलीचे दोघांचे ४३ हजार, ५ टक्के जीएसटी धरून ४५ हजार. बोटी, टिप, वरखर्च धरा चार हजार. ४९ हजार.

डोंबिवलीहून अर्टिगा नेलीत तर तुमचं खरं फिरणं होईल साधारण बाराशे किलोमीटर. पण रोजचे किमान ३०० म्हणजे ६ दिवसांचे १,८०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतील: २५ हजार. भत्ता, टोल, पार्किंग मिळून ५ हजार. गाडी ३० हजारांना पडली. पाच रात्रींच्या खोलीचे १४ हजार, जेवणखाण साडेआठ हजार. एकूण साडेबावन्न हजार. म्हणजे दोघांसाठी बस थोडी स्वस्त. तुमच्याबरोबर आणखी एक जोडपं असतं तर गाडीचे ३० हजार विभागून तुमचा खर्च साडेसदतीस हजारांवर आला असता, मग बसचा विचारही करू नका म्हटलं असतं.

पण तिसरा मार्ग तुमच्या घराजवळूनच जातो. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसनं रत्नागिरीला जा, तिथली स्थानिक गाडी चार दिवस घ्या, आणि कुडाळहून रेल्वेनं परत या. थ्री-एसीचे दोघांचे जाऊन-येऊन साडेतीन हजार धरा. गाडी दिवसाला साडेतीन हजार, शिवाय कुडाळहून रत्नागिरीला रिकामी परतायचे दोन हजार: १६ हजार. खोल्या आणि जेवण तेच. एकूण ४२ हजार. पैसे वाचतातच, पण मुंबई-गोवा महामार्गावरचे दोन पूर्ण दिवसही वाचतात. त्या रस्त्याचे धक्के सात-आठ तास खाल्ल्यावर काकू पुढचे दोन दिवस कुठे उतरणार?

मला गाडीचा मोठा फायदा रत्नागिरी ते मालवण या टप्प्यात वाटतो. पावस, पूर्णगड, आडिवरे, विजयदुर्ग, कुणकेश्वर असं किनाऱ्यानं हळूहळू खाली उतरता येतं, आणि जिथे काकूंना बसावंसं वाटेल तिथे बसता येतं. बसमध्ये "वीस मिनिटांत परत या" हे ठरलेलं असतं. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा डोंगराभोवती किलोमीटरभराची आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वेळ लागतो आणि पस्तीस माणसं खोळंबली की तो माणूस प्रदक्षिणाच सोडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीत चढ-उतार करतानाही घाई नसलेली बरी. बसचा गुण एकच मोठा: खोली, जेवण, वेळापत्रक यांची डोकेदुखी दुसऱ्याची. फोन करून खोल्या ठरवण्याचा तुम्हा दोघांनाही कंटाळा असेल तर सात हजार जास्त देऊन बसनं जाणंही गैर नाही. फक्त सगळे पैसे आधी भरू नका, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापतात ते लेखी घ्या.

शेजारच्या मुलाला नाही म्हणा. त्याची गाडी पांढऱ्या प्लेटची, खासगी. खासगी गाडी भाड्यानं चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि दवाखान्याचा खर्च आजारपणासाठी ठेवलेल्या त्या ४ लाखांच्या एफडीतून जाईल. किलोमीटरमागे पाच रुपये वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नये. स्थानिक गाडीही पिवळ्या प्लेटचीच बघा. किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजणार, ड्रायव्हरच्या मुक्कामाची सोय कोणाकडे, टोल-पार्किंग भाड्यात आहे का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा आहे; आरक्षण करताना तो निवडा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याची तिकिटं आता मिळायला लागली आहेत. २० डिसेंबरनंतर जाऊ नका. नाताळ ते नववर्ष तारकर्ली-मालवणला खोल्यांचे दर फार चढतात आणि वर मांडलेला हिशेब लागू राहणार नाही. एखादा टप्पा एसटीनं केलात तर महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ६५ पूर्ण असल्यानं तुम्हालाही. आधार कार्ड जवळ ठेवा.

सहलीचे ४२ हजार यंदा परत आलेल्या पैशांतून बाजूला काढा आणि उरलेले योजनेत टाका. वर्षाचं व्याज तीन-साडेतीन हजारांनी कमी होईल, एवढं चालेल. दरवर्षी मात्र इतकी मोठी सहल तुमच्या उत्पन्नात बसत नाही. अर्जावर कंपनीचा शिक्का मिळाला की त्याचा फोटो मला त्याच ई-मेलवर पाठवा. २० ऑक्टोबरपर्यंत आला नाही तर मी फोन करेन.