बॅक्युलोव्हायरस (कीटकांना ग्रासणारा विषाणू) स्वतःच्या डीएनएच्या प्रती कोणत्या प्रथिनांनी काढतो?

ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगाच्या एनपीव्ही या बॅक्युलोव्हायरसमध्ये (वर्तुळाकार डीएनए, सुमारे १,३४,००० बेसजोड्या) सहा प्रथिनं लागतातच: विषाणूची जनुकं चालू करणारं आयई-१, नवा धागा जोडणारं डीएनए पॉलिमरेज, डीएनएचे दोन धागे उलगडणारं हेलिकेज पी१४३, नव्या धाग्याची सुरुवात करून देणारं प्रायमेज लेफ-१, त्याचा जोडीदार लेफ-२ आणि सुट्या धाग्याला चिकटणारं लेफ-३. माझ्या मते लेफ-३ कडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. पी१४३ ला केंद्रकात तेच नेतं. म्हणून पेशीत पी१४३ भरपूर असूनही डीएनए वाढत नसेल, तर पी१४३ केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातच अडकलंय का, हे आधी बघा. विषाणूचं पी३५ हे प्रथिन या यादीत धरू नका. ते अपोप्टोसिस (पेशीनं स्वतःला संपवणं) थांबवतं, पेशी जगतात, म्हणून डीएनए जास्त मिळतो. पी१४३ मधली मोजकी अमिनो आम्लं बदलली, तर हाच विषाणू रेशीमकिड्याच्या पेशींतही वाढतो.