आईचं कायदेशीर पालकत्व कोणाकडे, यावरून भावंडांत वाद आहे. काय करावं?

आईला विस्मरण होतंय, भाऊ न्यायालयातून पालक म्हणून नेमून घ्यायला निघालाय आणि बहिणीचा विरोध आहे, असं तुम्ही लिहिलंय. आईला काय हवंय, हे मात्र त्यात कुठेच नाही. सुरुवात तिथून करा.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे निर्णयक्षमता संपली, असं होत नाही. क्षमता त्या त्या निर्णयापुरती बघायची असते: घरविक्रीचे परिणाम न कळणारी व्यक्ती आपण कोणासोबत राहायचं हे नीट सांगू शकते. तपासणी तिच्या ताज्या वेळेला ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून. ऐकू न आल्यानेही माणूस गोंधळलेला वाटतो!

तिला अजून समजत असेल, तर विश्वासातला माणूस तिनेच लेखी नेमलेला बरा. साधं मुखत्यारपत्र मात्र बऱ्याच ठिकाणी क्षमता गेल्यावर चालत नाही, हे वकिलाला आधी विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 12 सुद्धा व्यक्तीच्या इच्छेचा मान राखायला सांगतं.

पालक नेमावाच लागला, तर पैसे आणि रोजची काळजी वेगवेगळ्या भावंडांकडे देण्याची विनंती करता येते का, ते बघा. हिशेब सगळ्यांना दिसू द्या. निम्मा संशय तिथेच मिटतो.