जपानी जुना ॲम्प घ्यायचाय, 70 च्या दशकातला घेऊ की 80 च्या?

तुम्ही विचारलंय की बजेट एकाच ॲम्पचं (गाणी ऐकायच्या ॲम्प्लिफायरचं) आहे, तर कुठल्या काळातला घ्यावा आणि आवाजात खरंच फरक पडतो का. पडतो. मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, इथल्या सेकंडहँड दुकानांत कितीतरी शनिवार-रविवार गेलेत, आणि माझं उत्तर ठाम आहे, 1976 ते 79 मधला घ्या.

कारण सांगतो. 1974 मध्ये अमेरिकेत नियम आला की ॲम्पची पॉवर ठरलेल्या पद्धतीनेच मोजून जाहिरातीत द्यायची, त्याआधी वाट्टेल ते वॅट छापले जायचे. मग जपानी कंपन्यांत खऱ्या वॅटची चढाओढ लागली, इतकी की 1978 ला पायोनियरचा एसएक्स-1980 रिसीव्हर (रेडिओ आतच असलेला ॲम्प) आला तो डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलला 270 वॅटचा! घरात एवढे कोणाला लागतात, पण त्या नादात ट्रान्सफॉर्मर, वीज साठवणारे कपॅसिटर, उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक सगळंच दणकट झालं आणि ते लहान मॉडेलातही उतरलं. माझा सॅन्सुई एयू-607 हा 1976 चा, फक्त 65 वॅटचा, पण त्याच्यावर जुनी शास्त्रीय रेकॉर्ड लावली की गायक थांबल्यावर मागे तानपुऱ्याची जवारी, तारांची ती गुंज, विरत जाते ती शेवटपर्यंत ऐकू येते. 1973 चा यामाहा सीए-1000 पण सुंदर आहे, त्याला क्लास ए चं, म्हणजे पॉवर कमी पण आवाज जास्त स्वच्छ अशा पद्धतीचं बटण आहे, दाबलं की 70 चे 15 वॅट होतात, रात्री हळू आवाजात ऐकायला मला तोच आवडतो.

80 च्या दशकात बऱ्याच स्वस्त मॉडेलात आवाज वाढवणारे सुटे ट्रान्झिस्टर जाऊन एसटीके नावाचा एकच मॉड्यूल आला. माझ्याकडे असा एक होता, कंपनीचं नाव नको, त्याचा डावा चॅनेल गेला, ऑनलाइन मागवलेला मॉड्यूल डुप्लिकेट निघाला आणि ॲम्प भंगारात गेला. सुटा ट्रान्झिस्टर गेला तर जुळणारा दुसरा बहुतेक वेळा मिळतो. अर्थात त्या काळातले वरच्या रेंजचे, सॅन्सुई अल्फा 907 सारखे, फार भारी आहेत, बजेट असेल तर सोडू नका. आणि 74-75 मधले व्ही-फेट (एक खास जातीचा ट्रान्झिस्टर) वाले, यामाहा बी-1 किंवा सोनी टीए-5650, आवाजाला अप्रतिम पण ते फेट आता बनतच नाहीत, पहिला ॲम्प म्हणून नकोच.

घेण्याआधी झाकण काढून आतले फोटो मागवा. सॅन्सुईत मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी गोंद असतो, नवा असताना फिकट, आता तपकिरी झाला असेल तर तो शेजारच्या पार्टचे पाय खातो, माझ्या 607 मध्ये एका डायोडचा पाय काळा पडून नुसता हात लावल्यावर तुटला. तो गोंद खरवडून काढावाच लागतो. चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) टक्क आवाज यायला हवा, आला नाही तर आत काहीतरी बिघाड असू शकतो. व्हॉल्यूमची खरखर मात्र मनावर घेऊ नका, ती बहुतेक वेळा क्लीनरने जाते.

आणि भारतात नेणार असाल तर, जपानातल्या बाजारासाठी बनलेला ॲम्प 100 व्होल्टचा असतो, घरातल्या 230 च्या सॉकेटला थेट लावला तर संपलाच. स्टेपडाऊन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्यावा लागेल, तोही 110 चा नाही, नीट 100 व्होल्ट देणारा, दुकानदार 110 चालतो म्हणतील पण पन्नाशीला आलेल्या पार्टना दहा टक्के जास्तीचं व्होल्टेज कशाला द्यायचं.